पाणी कोण आणून देतं, ते नगरपंचायतीच्या भिंतीवर लिहा

"भाऊ, टँकरवाल्याचा नंबर हाय काय?" मार्च लागला की विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात हा प्रश्न किराणा दुकानात, सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत ऐकू येतो. एप्रिलमध्ये त्यात भर पडते. बोअरमधली मोटर काढून देणारा कोण? टाकी धुऊन देणारा मिळेल का? कॅनचं पाणी कोणाकडचं घ्यावं? नळाची लाइन फुटली, नळाला पाणी सोडणारा वॉलमन फोन उचलत नाही, आता कोणाला सांगायचं? उत्तरं मिळतात, पण ओळखीवर मिळतात. ज्याचा भाचा नगरपंचायतीत आहे त्याच्या दारात संध्याकाळपर्यंत टँकर लागतो. ज्याचं गावात कोणी नाही तो शेजाऱ्याच्या बोअरवरून बादल्या वाहतो आणि मिंधा होतो.

माझी मागणी अशी आहे. गावात पाणी विकणारे, वाहणारे, उपसणारे, नळ-मोटर दुरुस्त करणारे आणि पाणी तपासणारे जे कोणी आहेत, त्या सगळ्यांची नोंदवही नगरपंचायतीने किंवा नगरपरिषदेने ठेवावी. त्यात प्रत्येकाचं नाव, दर, पाणी कुठून येतं ती जागा आणि शेवटच्या तपासणीचा निकाल असावा, टँकरची खेप कोणत्या प्रभागात गेली तेही. ही वही कपाटात न राहता कार्यालयाच्या भिंतीवर, बसस्टँडवर आणि प्रत्येक प्रभागात लागलेली दिसावी. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये पुरेसा आणि आरोग्याला धोका न होणारा पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य सांगितलं आहे. नळ पोचत नाही तिथे लोक कोणाचं पाणी पितात, याची माहिती ठेवणं त्याच कर्तव्यात येतं, असं मी मानतो.

मोठ्या शहरात ही गरज वेगळ्या रीतीने भागते. तिथे दुकानं जास्त, स्पर्धा जास्त, मोबाइलवर शोधलं तर जवळचं कोणीतरी सापडतं. खेड्यात सगळे एकमेकांना ओळखतात आणि सरपंचाचं घर चार पावलांवर असतं. अडचण मधल्या गावांची आहे. २०१४-१५ च्या सुमारास राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा दिला. मारेगाव, झरी जामणी, राळेगाव, कळंब, बाभूळगाव, महागाव ही एकट्या यवतमाळ जिल्ह्यातली त्यातली नावं. पाटी बदलली, सचिवाच्या जागी मुख्याधिकारी आले. बऱ्याच ठिकाणी पाण्याची टाकी, जमिनीतले पाइप आणि वॉलमन मात्र ग्रामपंचायतीच्या काळातलेच राहिले. दरम्यान गावाभोवती लेआउट पडत गेले. कपाशीची वावरं एनए (बिगरशेती) होऊन त्यांचे प्लॉट झाले, त्यावर शिक्षक, तलाठी, बँकेचे कर्मचारी, शेती विकून मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला आलेली कुटुंबं राहायला आली. विकणाऱ्याने "पाणी येऊन ऱ्हायलं" असं सांगितलेलं असतं. पाइपलाइन लेआउटच्या कमानीपर्यंतसुद्धा गेलेली नसते.

मोबाइलवर शोधून पाहा. "जवळचा पाण्याचा टँकर" असं टाकलं की नागपूरचे, अमरावतीचे नंबर येतात. गावातलं एखादं नाव आलंच तर ते कधीच बंद पडलेल्या दुकानाचं असतं. ज्याच्याकडे खरोखर ट्रॅक्टर आणि टँकर आहे, त्याने स्वतःची जाहिरात कधी केलेली नसते, त्याला तशी गरजही पडत नाही. उन्हाळ्यात त्याचा ट्रॅक्टर दिवसभर थांबत नाही. त्याचा नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांना पाणी मिळतं, आणि म्हणून ते तो नंबर सहसा दुसऱ्याला देत नाहीत. यात त्यांचा दुष्टपणा नाही. मे महिन्यात आपली खेप चुकेल ही भीती माणसाला तसं वागायला लावते.

या ओळखीच्या व्यवहारात कोण मागे राहतं ते बघितलं पाहिजे. बदलून आलेली परिचारिका, आश्रमशाळेतली शिक्षिका, खोली घेऊन राहणारे कॉलेजचे पोरं, हंगामापुरते आलेले मजूर, मुलं पुण्या-मुंबईला असलेले म्हातारे आईवडील, आणि गावाच्या टोकाची ती वस्ती, जिथे टँकरवाला "रस्ता खराब आहे" म्हणून जात नाही. यांच्याकडे पैसे नसतात असं नाही. कॅनचे, टँकरचे पैसे द्यायला ते तयार असतात, कित्येकदा इतरांपेक्षा जास्त देतात. आपण जास्त देतो आहोत हे त्यांना कळायला मार्ग नसतो, कारण दर कुठेच लिहिलेला नसतो.

आता नळाकडे येऊ. आमच्याकडच्या बहुतेक गावांचं पाणी एखाद्या धरणावर टांगलेलं आहे. अकोल्याची भिस्त काटेपूर्णावर, वाशिमची एकबुर्जीवर, बुलढाण्याची येळगावच्या धरणावर, अकोट, तेल्हारा आणि शेगावची वान प्रकल्पावर. धरण भरलं नाही की वर्ष जातं. यवतमाळने २०१८ साली ते भोगलं. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला, निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय आटले, बेंबळा प्रकल्पावरून येणारी जलवाहिनी तेव्हा पूर्ण झालेली नव्हती, आणि जिल्ह्याचं अख्खं ठिकाण टँकरवर आलं. त्या उन्हाळ्यात ज्याच्या विहिरीला पाणी होतं तो गावातला महत्त्वाचा माणूस झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी निदान वर्तमानपत्रं होती, मोर्चे होते, जिल्हाधिकारी कार्यालय समोर होतं. लहान तालुक्याचं गाव असं कोरडं पडलं तर त्याची बातमी जिल्हा पानावर चार ओळींत येते.

धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी येणं एका माणसावर अवलंबून असतं. त्याला सगळे वॉलमन म्हणतात. कोणत्या आळीची चावी किती फेरे उघडायची, जुन्या लाइनला नवी लाइन कुठे जोडली आहे, कोणता पाइप नालीखालून गेला आहे, हे सारं त्याच्या डोक्यात असतं. कित्येक गावांत जलवाहिन्यांचा नकाशा म्हणून जे काही आहे ते तोच. तो बहुधा रोजंदारीवर किंवा कंत्राटावर असतो, पहाटे उठतो, रात्री बारा वाजता टाकी भरली का ते बघायला जातो आणि कमी दाबाने पाणी आलं की सगळ्या शिव्या त्याच्या वाट्याला येतात. तो आजारी पडला, लेकीच्या लग्नाला गेला किंवा निवृत्त झाला की गावाचा पाणीपुरवठा अडखळतो. नोंदवहीचं पहिलं पान या माणसाचं असावं असं मला वाटतं. कोणत्या प्रभागाला कोण पाणी सोडतं, कोणत्या दिवशी आणि किती वाजता, तो नसेल तर कोण, आणि त्याच्या वरचा जबाबदार अभियंता कोण. खासगी टँकरवाल्याचा हिशोब मागण्याआधी नगरपंचायतीने स्वतःचा हिशोब भिंतीवर लावावा.

नळजोडणीबद्दल तर कायदाच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली नागरी भागातल्या पाणीपुरवठ्याच्या सेवा अधिसूचित झालेल्या आहेत. नवीन नळजोडणी त्यात आहे, पाण्याच्या गुणवत्तेची तक्रार आहे, कमी दाबाची तक्रार आहे, आणि प्लंबर परवाना व त्याचं नूतनीकरण हेही आहे. मुदतीत सेवा दिली नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. म्हणजे परवानाधारक प्लंबरांची यादी कार्यालयात असणं अपेक्षितच आहे. तरी आपल्या गावात परवाना असलेला प्लंबर कोण, असं दहा जणांना विचारून बघा. लोक हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "मिस्त्री हाय काय कोनी?" असं विचारतात आणि दुकानदार ज्याला पाठवेल त्याच्याकडून मुख्य लाइनला भोक पाडून घेतात. त्या भोकातून पुढे नालीचं पाणी आत जातं. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ४ आहे. कोणी अर्ज न करताही सार्वजनिक कार्यालयाने आपली माहिती स्वतःहून जाहीर करावी, असं त्यात २००५ पासून लिहिलेलं आहे. प्लंबरांची यादी लावायला नवा शासननिर्णय लागत नाही.

सगळ्यात जास्त काळजीची बाब कॅनच्या पाण्याची आहे. वीस लिटरची थंड कॅन आता लग्नात, दुकानात, दवाखान्यात आणि मध्यमवर्गीय घरात पोचली आहे. ज्या घरी पूर्वी रांजण होता तिथे रोज सकाळी ऑटो थांबतो. लोक हे पाणी हौसेने घेतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. पूर्णेच्या काठचा अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा ज्याने पाहिला आहे त्याला माहीत आहे की तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहाची चव बिघडते. जळगाव जामोद, संग्रामपूर भागात मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि लोक त्याचा दोष या खाऱ्या पाण्याला देतात. अशा भागातल्या आईने लेकरासाठी कॅन विकत घेतली तर तिला नावं ठेवणारे आपण कोण?

खारं पाणी निदान जिभेला कळतं. फ्लोराइड कळत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही तालुक्यांत, पांढरकवडा, झरी, राजुरा, कोरपना या पट्ट्यात, जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते पाणी दिसायला स्वच्छ असतं, चवीला गोड लागतं. वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं आणि सांधे धरतात. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराइडचं प्रमाण वाढतं. अशा भागात आरो प्लांटचा, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळून विकणाऱ्या प्लांटचा, मालक आपल्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि गिऱ्हाइकाचं समाधान होतं. तो मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो, तोही पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून. फ्लोराइड किती, नायट्रेट किती, जंतू आहेत की नाहीत, यातलं काहीच तो सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम, सूट दीडपर्यंत. नायट्रेट ४५, त्याला सूट नाही. मीटरवर तीनशे आकडा दाखवणाऱ्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या वर असू शकतं. आरोचा पडदा नवा असेल तर तो फ्लोराइड बराचसा अडवतो, झिजला की सोडू लागतो. पडदा शेवटचा कधी बदलला, हे ग्राहकाने विचारायचं कोणाला?

सीलबंद बाटलीच्या पाण्याला वेगळं मानक आहे, आयएस १४५४३. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव, तारीख, परवाना असतो, तक्रार करायला जागा असते. उघड्या कॅनवर काहीच नसतं. ती सीलबंद नाही म्हणून पॅकबंद पाण्याच्या नियमांत बसत नाही, असं सांगून एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं आणि दुसरं तिसऱ्याकडे. कॅन कशी धुतली, पाणी थंड करायच्या टाकीत शेवाळ आहे का, बोअर शौचखड्ड्यापासून किती लांब आहे, हे बघायला कोणी येत नाही. पाणी थंड केल्याने जंतू मरत नाहीत. हे वाक्य नगरपंचायतीने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं तरी काही जणांचे जुलाब वाचतील.

ग्रामीण भागात यावर एक चांगली पद्धत आधीपासून आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर स्वच्छता पाहणी होते, आणि जोखमीप्रमाणे गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल कार्ड मिळालं की ग्रामसेवक, आरोग्यसेवक धावपळ करतात, कारण ते सगळ्यांना दिसतं. हीच रीत तालुक्याच्या गावातल्या आरो प्लांटला, टँकर भरणाऱ्या विहिरीला आणि कॅनच्या गाडीला लावावी. हिरवं कार्ड दुकानाच्या दर्शनी भागात लटकू दे. ज्याला पिवळं मिळालं त्याला सुधारायला मुदत द्या. लाल मिळालं तर सुधारणा होईपर्यंत त्याचं पाणी पिण्यासाठी विकलं जाऊ नये, वापरायला म्हणून विकायला हरकत नाही. पाणी वाईट निघालं तर काय होतं, ते मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांनी जुलै २०२२ मध्ये भोगलं आहे. उघड्या विहिरीचं दूषित पाणी पिऊन तिथे साथ पसरली आणि माणसं गेली. पाणी तपासायची सोय कुठे आहे ते तालुक्याच्या गावातल्या सुशिक्षितांनाही ठाऊक नसतं.

सोय आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात काम करते, तिच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. शुल्क भरून सामान्य माणूस तिथे आपल्या विहिरीचं, बोअरचं किंवा विकत घेतलेल्या कॅनचं पाणी तपासून घेऊ शकतो. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळलेल्या कॅनमध्ये नमुना न्यायचा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणायची, आणि नमुना थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायचा. प्रयोगशाळेचा पत्ता, शुल्क आणि नमुना कोणत्या वारी घेतात एवढं त्या नोंदवहीत असलं तर शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं तरी तपासणी करून घेतील.

बोअरचा धंदा हा वेगळाच विषय आहे. उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या फिरतात, त्यातल्या पुष्कळ तामिळनाडूकडच्या. मधला एजंट गावातला असतो. फुटाचा भाव ठरतो, केसिंगचा, म्हणजे भोकात घालायच्या पाइपचा, भाव वेगळा, आणि रात्री काम सुरू होतं. जागा बहुधा पाणाड्याने नारळावर दाखवलेली असते. त्या माणसाच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण पश्चिम विदर्भाच्या काळ्या खडकात पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात असतं, आणि भेग लागली नाही तर आणखी शंभर फूट खाली गेल्याने ती लागेलच असं नाही. फ्लोराइडच्या पट्ट्यात तर जास्त खोल बोअरचं पाणी जास्त वाईट निघण्याची शक्यता असते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा १ जून २०१४ पासून लागू आहे. त्यात बोअर मारणाऱ्या यंत्राच्या मालकाने नोंदणी करणं आवश्यक आहे, आणि शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. साठ मीटर म्हणजे जवळपास दोनशे फूट. आमच्या भागात चारशे, पाचशे फुटांच्या गोष्टी लोक अभिमानाने सांगतात. नोंदणी झालेल्या गाड्या कोणत्या, गावातल्या आधीच्या बोअरना किती फुटांवर किती इंच पाणी लागलं, कोणत्या कोरड्या गेल्या, एवढी माहिती एका जागी असली तर कर्ज काढून भोक पाडणारा माणूस निदान शेजारच्या आळीचा अनुभव बघून निर्णय घेईल. कोरड्या बोअरची माहिती आज कोणी सांगत नाही. ज्याचे पैसे बुडाले तो लाजेने गप्प बसतो आणि एजंट पुढच्या घरी जातो.

या सूचनेवर आक्षेप आहेत, आणि त्यातला एक मला फार वजनदार वाटतो. नगरपंचायतीने खासगी पाणीवाल्यांची यादी लावली तर तिला हात झटकायला निमित्त मिळेल. "नळ येत नाही ना, यादीतल्याला फोन करा" असं उत्तर मिळू लागेल. पाण्याचा व्यापार रीतसर होईल आणि सार्वजनिक नळ विसरला जाईल. ही भीती खरी आहे. पण आज काय चाललं आहे? व्यापार पूर्ण जोरात आहे आणि कागदावर त्याचं अस्तित्व नाही. ज्या लेआउटमध्ये घरं टँकरवर जगतात तिथे नगरपंचायतीच्या दप्तरात सगळं ठीक असतं, कारण टँकर खासगी आहे, त्याची खेप कुठे लिहिली जात नाही. या अंधारामुळे खरी सुटका नगरपंचायतीची झालेली आहे. नोंदवही ठेवली की प्रत्येक खेपेसमोर प्रभागाचं नाव येईल. म्हणून माझा आग्रह आहे की वही दोन भागांची असावी, एक नगरपंचायतीच्या नळाचा आणि दुसरा खासगी पाणीवाल्यांचा, आणि खासगी भागात प्रत्येक प्रभागापुढे एक रकाना ठेवावा: इथे नळाचं पाणी का पुरत नाही, आणि ते कधीपर्यंत पोचवणार.

दुसरा आक्षेप एका टँकरवाल्याने माझ्यासमोर मांडला. "नाव लिहून देलं तं उद्या अन्न-औषधवाला येईन, परवा बिजलीवाला येईन, मंग आमी काय खाऊ?" त्याची शंका रास्त आहे. आपल्याकडे नोंदणी म्हटलं की हप्त्याचा वास येतो. म्हणून ही नोंद फुकट असावी, तिच्यासाठी दाखल्यांची चळत मागू नये, आणि ती नाकारण्याचा अधिकार कोणा बाबूला नसावा. पिण्याच्या पाण्याचा निकाल वाईट आला तर तो निकाल लावायचा आणि लाल कार्ड असेल तर सुधारणा होईपर्यंत पिण्यासाठीची विक्री थांबवायची, एवढंच. जो प्लांटवाला इमानाने कॅन धुतो, पडदा वेळेवर बदलतो आणि दोन रुपये जास्त घेतो, त्याचा माल आज स्वस्त आणि घाणेरड्या कॅनच्या शेजारी उभा राहून हरतो. त्याला या नोंदीचा फायदाच होईल. दर ठरवून देण्याच्या मी विरोधात आहे. खेप किती किलोमीटरवरून येते, डिझेल काय भावाने मिळतं, यावर दर बदलतो आणि सक्तीने कमी केला तर टँकर दूरच्या वस्तीत जाणंच बंद होईल. पण तो जाहीर असलाच पाहिजे. टंचाई जाहीर झाल्यावर मात्र प्रशासनाने वरची मर्यादा घालावी. खासगी विहिरी अधिग्रहित करण्याचा अधिकार प्रशासन वापरतंच, तर मग टँकरच्या भावावर लक्ष ठेवायला संकोच कशाला?

माणसं कुठून आणायची, असं मुख्याधिकारी विचारतील. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. ते मिशन ग्रामीण भागासाठी आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावापासून तीन किलोमीटरवरच्या खेड्यात पाणी तपासता येणाऱ्या बाया असतात आणि नगरपंचायत झालेल्या गावात नसतात. नगरपंचायतीच्या हद्दीत महिला बचत गट आहेत, आयटीआयमध्ये प्लंबिंग आणि विजेचं काम शिकणारी पोरं आहेत. बचत गटांना किट द्यावं, महिन्यातून एकदा प्रत्येक प्लांटचा आणि टँकर भरणाऱ्या विहिरीचा नमुना त्यांनी बघावा, क्लोरीनचा अंश आणि जंतू असतील तर काळी पडणारी बाटली, एवढ्या तपासण्या त्या सहज करू शकतात. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत. या कामाचा मोबदला बायांना रोख मिळावा. आपल्याकडे गावाचं आरोग्य सांभाळायची वेळ आली की बाईच्या सेवाभावाची आठवण काढतात आणि पैशाचं नाव निघालं की सगळे गप्प होतात.

काम सुरू करायला सोयीची वेळही ठरलेली आहे. टंचाईचा आराखडा दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत बनतो. ऑक्टोबरमध्ये पहिला टप्पा बनताना प्रभागनिहाय नोंदवही त्याला जोडावी. सुरुवातीला ती अर्धवट असेल, काही जण नावं देणार नाहीत, काही दर खोटे सांगतील. चालेल. पहिल्या वर्षी फक्त वॉलमनचं वेळापत्रक, परवानाधारक प्लंबर, टँकर आणि प्रयोगशाळेचा पत्ता एवढं लागलं तरी परक्या गावात आलेल्या माणसाला दारोदार विचारत फिरावं लागणार नाही. आरो प्लांटच्या तपासणीचे निकाल दुसऱ्या वर्षी, बोअरच्या नोंदी त्यानंतर.

आणि ती वही उन्हाळाभर नीट भरली गेली तर जूनमध्ये तिच्यातून एक वेगळी गोष्ट हाती येईल. कोणत्या लेआउटमध्ये किती खेपा गेल्या, लोकांनी त्यासाठी किती पैसे मोजले, आणि त्याच घरांनी पाणीपट्टीही भरली का, हे तारीखवार लिहिलेलं असेल. अंदाजपत्रकाच्या सभेत पाइपलाइनचा विषय निघाल्यावर "तिकडं काही अडचण नाही" असं कोणी म्हणालं, तर त्या प्रभागातल्या कोणालाही उठून ते पान वाचून दाखवता येईल, टँकरच्या नंबरासकट.